चपला घालायचं गाणं

जेऊर स्टेशनावर मला पुण्याच्या गाडीत बसवायला माझे वडील, अण्णा, आले ते थेट शेजारच्या केम गावचं लग्न वाजवून. अंगात बँडवाल्यांचा लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, काखेत क्लॅरोनेट. फलाटावरच्या लोकांना वाटलं, वरातच गाडीनं निघालीय. एक आजोबा तर "नवरी कुटं हाय?" म्हणून विचारून गेले. आईनं शेंगाचटणी आणि कडक भाकरीचं गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं आणि बजावलं, "पोचलीस की फोन कर. आन् कुणाच्या नादी लागू नगंस." गाडी हलली तसा अण्णांनी हात वर केला, तोही क्लॅरोनेटवालाच.

जेऊरात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं गाव सोडून लांब जाऊन बसलेल्यांनो, तुम्हाला सांगते, आईचं मी ऐकलं नाही. इंजिनिअरिंगला गेले आणि बास गिटारच्या नादी लागले. आता आठवडाभर ऑफिसात कोडिंग करते आणि सुट्टीला आमच्या रॉक बँडबरोबर जॅमरूममध्ये भिंती हादरवते. आई गावात सांगते, "पोरगी बी बापावानी बँडमधीच हाय." मग बायका विचारतात, लग्नाला तिच्या बँडची तारीख धरायची तर कुणाला भेटायचं?

तर आमच्या बँडला सोलापुरात बोलावणं आलं. सोलापूर! एका कॉलेजच्या मैदानावर! मी फोनवर एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या फ्लॅटमधल्या काकू दार वाजवून गेल्या. अण्णांनी मला स्टेजवर कधी बघितलंच नव्हतं. म्हणाले, "येतो की. पर दोन गाणी ऐकून निघंन. गाय विणार हाय, आई एकटी हाय." म्हणजे सुरुवातीची दोनच गाणी त्यांच्या वाट्याला येणार होती.

तेव्हाच मी ठरवलं, ते गाणं पहिलं घ्यायचं.

ते गाणं म्हणजे जेऊरच्या फलाटावरच्या निरोपाचं. मीच लिहिलेलं, अण्णांना कधी न ऐकवलेलं. त्याची सुरुवात कुठून आली ते फक्त मला ठाऊक. अण्णा पहाटे गोठ्यात बसून क्लॅरोनेटच्या तोंडाची पातळ पत्ती जिभेवर ओली करायचे आणि ती नीट लागली का बघायला एक छोटीशी सुरावट वाजवायचे. ती कुठल्याच गाण्यातली नव्हती. लग्नात ती कुणी ऐकली नाही, ऐकली ती आम्ही आणि म्हशींनी. माझी झोप रोज तिनंच मोडायची आणि मी गोधडीतून ओरडायचे, "अण्णा, बास की!" पुण्यात आता मोबाइलचा अलार्म उठवतो. त्या सुरावटीची सर त्याला कुठून येणार? म्हणून तीच मी बासवर बसवली.

आमचा गिटारवाला केदार, पक्का पुणेकर, सेटलिस्ट बघून उडालाच. "ओपनिंगला हे? अगं, धडाका पाहिजे धडाका! लोक उठून पाणीपुरी खायला जातील." आम्ही तीन संध्याकाळी भांडलो. हे आधी, ते नंतर, ड्रम्स कुठून आत घ्यायचे, सगळं उलटंपालटं करून वाजवलं. शेवटी मी म्हणाले, "माझे वडील दोनच गाणी ऐकणार आहेत." केदारनं यादी पुन्हा हातात घेतली. मग म्हणाला, "हे आधी नाही का सांगायचं, येडपट! पण याच्या शेवटच्या ठोक्यावर थेट धडाक्याचं सुरू करायचं. मध्ये टाळीला पण जागा नाही." करून बघितलं आणि अंगावर सर्रकन काटा आला. मी, केदार आणि ड्रमवाला, तिघंही वेड्यासारखे हसत सुटलो. जमलं होतं.

सोलापुरात आमचा साउंडचेक झाला. अण्णांचा फोन आला, "पोचलो गं. हितं गेटावर हाय." पहिल्या रांगेत त्यांच्यासाठी खुर्ची धरून ठेवली होती. लाइट लागले, समोर ही गर्दी, आणि खुर्ची रिकामी!

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अण्णांचा कायदा! बँड नवरदेवाच्या दारात उभा राहिला की घरात कुणाचा फेटा बांधायचा असतो, कुणाची चप्पल सापडत नसते. म्हणून अण्णा पहिलं गाणं कसलंही वाजवायचे. "पयलं गाणं चपला घालायचं. जीव दुसऱ्यापास्नं लावायचा," असं म्हणायचे. अख्ख्या जेऊरला हे माहीत. पहिल्या गाण्याला कुणी उठायचंच नाही. आणि हा माणूस तोच कायदा धरून गेटावर चहा पीत उभा असणार, पहिलं संपायची वाट बघत! हे मला आधी कसं सुचलं नाही? मीही त्याच घरची ना!

ड्रमवाल्यानं काड्या वाजवून इशारा दिला. मी सुरावट सुरू केली. चार वेळा वाजवून गायला लागायचं, असं ठरलेलं. मी गायलेच नाही. पुन्हा तीच वाजवली. केदारनं डोळे वटारले. पुन्हा तीच. मला आठवलं, नवरदेव बाहेर येत नाही तोवर बँड दारातून हलत नाही, तेच तेच वाजवत राहतो. मग मी का हलू? केदार जवळ येऊन कानात ओरडला, "गा की!" मी मान हलवली. लोक टाळ्यांचा ठेका धरायला लागले होते, त्यांना वाटलं हे असंच असतं.

आणि गेटाकडून अण्णा आले. आले कसले, पळत आले! हातात चहाचा अर्धा ग्लास, तो हिंदकळून सदऱ्यावर सांडत होता. गर्दीत कोपरं मारत पुढं आले आणि खुर्ची सोडून उभेच राहिले. पत्ती लावतानाची आपली सुरावट कोण वाजवतंय ते बघत होते. मी दिसले तसा त्यांनी ग्लास वर केला, फलाटावर क्लॅरोनेट केला होता तसाच. मग मी गायला लागले. आवाज फुटला, फुटू दे म्हटलं.

अण्णा दोन गाण्यांवर गेले नाहीत. परतीची गाडी गेली, हे शेवटपर्यंत थांबले. आईला फोन केला, "गायीला म्हणावं, दम धर." आई म्हणाली, "ती धरंल, तुमीच धरत न्हाय." आणि खरंच, गाय दुसऱ्या दिवशी अण्णा घरी पोचल्यावरच व्याली.

स्टेजमागं मला भेटले तेव्हा डोळे पुसत माझ्यावरच डाफरले, "येडे, पयल्याच गाण्याला कुणी जीव लावतं व्हय? चपला घालायला तर सवड द्यायची!" आणि पायाकडं बघून आम्ही दोघंही हसत सुटलो. त्यांची एक चप्पल गर्दीतच राहिली होती.

लोक विचारतात, घरची आठवण येते का गं? येते की, लई येते. पण आता कुठंही कार्यक्रम असो, सुरुवात त्याच सुरावटीनं करते आणि वाजवताना गेटाकडं बघते. कुणीतरी हातातला चहा तसाच घेऊन आत येतं. तोवर मी बँडवाल्यांसारखी दारातच उभी असते. ते आलं की मनानं घरात जाते, आणि गायला लागते.