तात्यांचं सामासिक अंतर

तात्या कुणाच्याही घरी गेले की थेट आत येत नसत. आधी घराभोवती एक फेरी मारत. कंपाउंड आणि भिंत यांमधल्या बोळातून अंग चोरून जात, मागच्या बाजूला क्षणभर थांबत आणि मग दारात येऊन चपला काढत. चहा येईपर्यंत त्यांना त्या घराचं सगळं कळलेलं असे.

नगरपालिकेच्या बांधकाम विभागात घरांचे नकाशे तपासण्यात त्यांच्या नोकरीची सारी वर्षं गेली. निवृत्तीनंतर ते शेळगावला राहत आणि ओळखीच्यांना बांधकामाचा सल्ला देत. मी लोणी देवकरला कारखान्यात, घर इंदापुरात. वडिलांना अर्धांगवायू झाला, ते चाकाच्या खुर्चीवर आले, आणि पावसात त्यांना गाडीतून उतरवताना होणारे हाल बघवेनात. घरापुढं फाटकापर्यंत पोर्च काढायचं मी ठरवलं आणि तात्यांना बोलावलं.

त्यांनी अंगणात चुन्याच्या फक्कीनं रेघ ओढली. ती फाटकाच्या बरीच अलीकडे संपली.

"एवढाच?"

"एवढाच. पुढं सामासिक अंतर हाय. जागा तुमचीच, पर मोकळी ठिवायची. तितं खांब न्हाय, भिंत न्हाय."

"गल्लीत सगळ्यांनी फाटकापर्यंत ओढलंय, तात्या."

"व्हय, म्हणून तर गल्लीत वारा न्हाय. भिंत आपली आसती राव, वारा शेजाऱ्याचा आसतो."

मला राग आला. "तुमच्या घरी कुणी खुर्चीवर नाही, म्हणून नियम सुचतात," असं मी बोलून गेलो. तात्या रागावले नाहीत. "रविवारी शेळगावला या," एवढंच म्हणाले.

गेलो. त्यांच्या दारावर स्लॅबची तुटकी कड दिसत होती आणि तिच्यातून कापलेल्या सळयांची टोकं.

"हितं पोर्च हुता माझा," तात्या म्हणाले. "नव्या नोकरीच्या तोऱ्यात बांधला. गावठाणात कोण इचारतंय?"

शेजारी बिरूबा राहत, जन्मभर मेंढरं राखलेला माणूस. ते वारले. तिरडी उचलली आणि ती वाटेत आलेल्या तात्यांच्या पोर्चच्या खांबाशी अडली. तिरकी करून, उभी धरून बाहेर काढावी लागली. बिरूबांच्या बायकोनं पुढं होऊन नवऱ्याचं डोकं हातानं सावरलं.

"कोण कायबी बोललं न्हाय," तात्या म्हणाले. "तीबी न्हाय. शिव्या दिल्या आसत्या तर बरं झालं आसतं."

तिसऱ्या दिवशी राख सावडून आल्यावर त्यांनी घण घेतला. गवंडी बोलावला नाही, मजूर नाही. आठवडाभर एकट्यानं तो पोर्च तोडला. सकाळी फोड आलेल्या हातांनी कचेरीत लोकांचे नकाशे तपासायचे आणि संध्याकाळी घरी येऊन पुन्हा घण उचलायचा.

मी वरच्या त्या कापलेल्या सळयांकडे बघत होतो. तेवढ्यात पलीकडच्या दारातून एक वाकलेली म्हातारी डोकावली. "तात्या, पाव्हणं आल्यात व्हय? च्या टाकू का?" त्या बिरूबांच्या पत्नी होत्या. आम्ही दोघं त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो.

त्यानंतर मी वाद घातला नाही. खरं काम मात्र तात्यांनी तिथून पुढं केलं. वडिलांच्या खुर्चीवर स्वतः बसले आणि मला गाडीपासून दारापर्यंत पुन्हा पुन्हा ढकलायला लावलं. मग खुर्चीचा उतार समोरून न काढता बाजूला वळवला, गाडी आडवी लावायला सांगितली, आणि त्या फक्कीच्या रेघेच्या आत सगळं बसवलं. नकाशा हातानं काढला. परवाना येईपर्यंत मिस्त्रीला खड्डासुद्धा घेऊ दिला नाही. "आधी कागद, मग कुदळ." पोर्च झाल्यापासून गाडीतून उतरताना वडिलांच्या अंगावर थेंब पडलेला नाही.

तात्या मुलाकडे पुण्याला जायला निघाले तेव्हा निरोप घ्यायला आले. पोर्चखाली उभं राहून वर बघत म्हणाले, "चार बोटं पुढं गेलाय."

हिशेबाला आलेल्या मिस्त्रीनं मान खाली घातली. "तोडू का?" मी विचारलं.

"आता मी कोण सांगणार? तुमी बघा." ते हसले, वडिलांचा हात बराच वेळ हातात धरून बसले आणि गेले.

मी बघतो बघतो म्हणत राहिलो. दोन महिन्यांनी तात्या गेल्याचा फोन आला. पुण्याला अंत्यविधीला जाऊन परतलो आणि मिस्त्रीला बोलावलं.

"चार बोटांसाठी, साहेब?" तो म्हणाला. "आता बघाया तात्या थोडंच येणार हायत?"

"येणार नाहीत," मी म्हणालो, "म्हणूनच तोड."

मिस्त्रीनं पिशवीतून छिन्नी काढली.