ह्यो वाटो कोणाचो?

माझे बाबा गांजा ओढायचे.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं, म्हणून ते लपवणार नाही.

रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचे, दोर ओढून ओढून कंबर गेलेली. डॉक्टरच्या गोळीपेक्षा चिलीम बरी, म्हणायचे. आई भांडायची. मी चिलीम फोडायचो, ते नवी आणायचे.

पण वाटे घालायला अख्ख्या रापणीला तेच लागायचे.

जाळं किनाऱ्याला लागलं की घरी न्यायच्या मासळीचे ढीग करतात. एकजण ढिगांकडे पाठ करून उभा राहतो; आमच्याकडे ते बाबा. दुसरा एका ढिगाकडे बोट दाखवून विचारतो.

"ह्यो कोणाचो?"

"शेवंतेचो."

"ह्यो?"

"माझ्या झिलाचो. बारीक आसलो तरी गप घेवंक सांगा."

झील म्हणजे मी. सगळे हसायचे. वाट्यावरून कोणी कधी भांडलं नाही.

मग ती दुपार.

मी बाबांना जेवायला बोलवायला जाळी ठेवायच्या झोपडीत, मांगरात गेलो. आत दोघं बसलेले. बाबा आणि एक रिसॉर्टवाले साहेब. चिलीम साहेबांच्या हातात होती.

माझ्या मागोमाग पोलीस आत आले.

"साहेब, तुम्ही कशाला इथे? निघा तुम्ही."

साहेबांनी पँटची वाळू झटकली, गाडीत बसले. पोलिसांनी चिलीम बाबांच्या पुढ्यात ठेवून फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर बातमी: गांजा ओढताना एकास पकडले.

एकास.

कायदा सगळ्यांना सारखा, असं शाळेत पाठ केलेलं. आमच्या मांगरात त्याने आधी बघितलं कोण बसलंय, मग वाटा घातला.

मी हवालदाराच्या अंगावर धावून गेलो होतो. बाबांनीच मागे खेचलं. जामिनावर सुटल्यावर घरी मी म्हटलं, कोर्टात साहेबांचं पण नाव घ्या.

"नाय घेवचंय."

"कित्याक?"

"त्येंच्या चेडवाचो फोन इलो काय तू माडाखाली जावन हसतंस. माका दिसना नाय काय?"

हो. साहेबांची मुलगी. ते तिचे वडील.

ती कोण ते विचारू नका. आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बाबांना तरी कुठे सांगितलं होतं?

सेकंड इयरला कॉलेज सोडलं आणि बाबांबरोबर कोर्टाच्या तारखांना जात राहिलो. ते परत वाटे घालायला गेले नाहीत. "गांजेकसान नाव घेतल्यार कोण मासळी उचलीत?"

केस संपायच्या आधी गेले. मग केस बंद झाली.

निर्दोष सुटले म्हणून नाही. मेले म्हणून.

आज सकाळी तिचा मेसेज: "पप्पा तुमच्याकडे वर्षश्राद्धाला जेवायला येतायत. काही बोलू नकोस, प्लीज. बोललास तर माझं घर संपलं."

साहेब आले. पंगतीत बसले. मीच वाढलं.

हात धुताना म्हणाले, "माणूस सोन्यासारखा. व्यसनाने घात केला रे."

तांब्या माझ्या हातात होता. पाणी ओतत राहिलो.

बोललो तर ती जाते. गप्प राहिलो तर बाबा गांजेकस, एकटेच. आणि बाबा एकटे राहिले ते माझ्यासाठी.

काल रापणकर म्हणाले, "बापाशीच्या जागेर उभो रव." मी ढिगांकडे पाठ केली.

"ह्यो कोणाचो?"

तोंडातून नाव फुटेना.

बाबा, तुम्ही न बघता नाव घ्यायचात.

मी मांगरात बघितलंय. आणि मला घेता येत नाही.

बाबानू, थंय बरे रवा.