बिया ओल्यात, पुड्या सुक्यात

दादा अंदमानातली नोकरी संपवून कायमचा माझ्याकडे इंदूरला आला, तो एक बॅग, औषधांचा डबा आणि बुटांचं एक खोकं घेऊन. तिथल्या एका रानकबुतरामागे त्याचं आयुष्य गेलं. ते फळ अख्खं गिळतं आणि बी लांब कुठेतरी नेऊन टाकतं. एका लहानशा बेटावरचं जंगल तोडायचं घाटत होतं. तिथली कोणती झाडं या कबुतरांना जगवतात, त्याची यादी दादाला द्यायची होती. त्यांच्या बसायच्या जागांखालून वेचलेल्या बिया हा त्याचा पुरावा. आजाराने हात थरथरायला लागले होते, आता विसरायलाही व्हायचं. सगळंच विसरण्याआधी यादी व्हायला हवी होती.

खोक्यावर काही लिहिलेलं नव्हतं, हे मी माझ्या बचावासाठी सांगून ठेवते.

आम्ही इंदूरचे लोक पाहुण्याला पाणी विचारायच्या आधी कचऱ्याचे डबे दाखवतो. दादा तपासणीला गेला होता, तेव्हा मी त्याची खोली आवरायला घेतली. एखाद्या आळशी बाईने खोकं जसंच्या तसं फेकलं असतं, धावत जाऊन परत तरी आणता आलं असतं. मी एकेक पुडी सोडवली. बिया ओल्या कचऱ्यात, कागद सुक्यात. कचरागाडीवाला म्हणाला, "आंटीजी, सब आपके जैसा करें तो मजा आ जाए!" 'आंटीजी' खटकलं, पण फुशारले.

दुपारी दादाने विचारलं, "खोकं कुठंय गं?"

"त्यात नुसत्या बिया होत्या. दिल्या गाडीत."

"पुड्यांवर नावं होती. कागद तरी?"

"ते सुक्यात."

"वेगवेगळं केलंस?"

"हो."

तो हसला. मग चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिला.

संध्याकाळी त्याने तिथल्या सहकाऱ्याला फोन लावला. हात स्थिर राहीना म्हणून स्पीकरवर. "खोकं प्रवासात हरवलं रे. मीच वेंधळा."

"सर, दुबारा कहाँ से लाऊँ? उधर सड़क बन गई. चिड़िया अब वहाँ बैठती ही नहीं."

मी खरं सांगायला तोंड उघडलं, तर दादाने नकारार्थी मान हलवली.

मग तो आठवून सांगू लागला आणि मी वहीत लिहू लागले. एवढं निमूट मी शाळेतही लिहिलं नव्हतं. सुरुवातीची नावं भराभर आली. मग तो अडकला.

"लाल फळ... खोडाला काटे... अगं, रोज बघायचो मी ते."

"सावकाश, दादा."

तो खिडकीकडे बघत राहिला. मी पेन उघडंच ठेवलं.