बाबांचं दाढीचं मशीन

दर रविवारी सकाळी मी पडवीतल्या खिळ्याला आरसा अडकवतो आणि बाबांच्या मशीनने दाढी करतो. गाल, हनुवटी, गळा सगळं नीट बघून करतो, पण वरच्या ओठाकडे बघत नाही. आता तिथे चांगली भरघोस मिशी आहे, तरी तिकडे बघायची हिंमत होत नाही. बायको म्हणते, कशाला जिवाला घोर लावून घेताय, सलूनमध्ये जाऊन करा. ती म्हणते ते खरं आहे, पण हे मशीन सुटत नाही.

मशीन म्हणजे साधा पोलादी सेफ्टी रेझर. दांडा फिरवला की डोकं सुटतं आणि मधे दोन्हीकडून धार असलेलं पातं बसतं. बाबा मिठागरात कामाला होते. मिठाने पायांना कायम भेगा पडलेल्या, पण गाल बघावेत तर गुळगुळीत. पुढे मिठागरं बुजवून तिथे कंटेनरची यार्डं झाली, त्यातल्याच एका यार्डाच्या गेटवर मी नोकरीला लागलो, तरी बाबांची रविवारची दाढी काही चुकली नाही. मग एका सकाळी त्यांना झटका आला. उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली. डोकंही मधूनमधून भरकटायचं. गादीवर पडल्या पडल्या म्हणायचे, भरती आली, बांध बघून ये.

तीन आठवड्यांत दाढी वाढून गळ्याशी खाजायला लागली. न्हाव्याला घरी बोलावलं तर बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मी माझा ट्रिमर काढला, तो डाव्या हाताने ढकलून दिला. "मशीन," एवढंच म्हणाले. पुन्हा म्हणाले, "मशीन."

मी म्हटलं, ठीक आहे, शिकतो. बायको म्हणाली, "आधी स्वतःच्या तोंडावर शिका, मग त्यांच्या तोंडाला हात लावा." दोन दिवस यार्डाच्या केबिनमध्ये बसून मोबाइलवर व्हिडिओ बघितले. पातं तिरपं धरा, केसांच्या दिशेने ओढा, दाबू नका, मशीनच्या वजनानेच चालू द्या. मनात म्हटलं, हात्तिच्या, त्यात काय एवढं!

पण लहानपणापासून डोळ्यांनी बघितलेली एक गोष्ट मी साफ विसरलो. आमच्याकडचं बोअरचं पाणी खारं. म्हणून बाबा दाढीपुरतं सार्वजनिक नळाचं गोडं पाणी पितळी तांब्यात वेगळं भरून ठेवायचे. रविवारी सकाळी मी सरळ बोअरच्या नळाखाली मग धरला. झालं! ब्रश घासघास घासला तरी फेस धरेना. साबणाचं नासलेल्या दुधासारखं पाणी झालं आणि गळ्यावरून बनियनमध्ये उतरलं. शहाणा माणूस तिथेच थांबला असता. मी उलट जोर लावला. गालावर दोनदा कापलं, आणि ओठाच्या कोपऱ्याशी मशीन सटकलं. डाव्या मिशीचं टोक मगात तरंगायला लागलं. मग उजवी सारखी करायला गेलो, ती जास्त गेली. मग परत डावी. शेवटी नाकाखाली माशी बसावी एवढा ठिपका उरला. रागाच्या भरात तोही उडवला.

आणि आरशात बघितलं तेव्हा तळहाताने ओठ झाकला. आमच्यात मिशी उतरवतात ती बाप गेल्यावर, दहाव्याला, खाडीवर. बाप हयात असताना ओठ मोकळा ठेवून कुणी फिरत नाही.

आई चहा घेऊन आली ती कप हातात घेऊन उभीच राहिली. "मेल्या, बाप जिता हाय ना तुझा!" असं म्हणाली आणि लगेच बाबांच्या खोलीकडे बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "त्याला दिसता कामा न्हाय."

कोरोनातला मास्क कपाटात पडला होता, तो लावला. बाबांना सांगितलं, सर्दी झाली आहे. दाढी पुढे ढकलायचा विचार होता, पण त्यांनी मशीन धुतल्याचा आवाज ऐकला होता आणि हाका चालू केल्या होत्या. या वेळी तांब्यात गोडं पाणी घेतलं. काय सांगू, असा फेस उभा राहिला! बाबांनी आपण होऊन गाल फुगवला. मी अंगठ्याने कातडी ताणली, मशीन हलकेच ओढलं, आणि कर्रर आवाज करत पांढरे केस सुटून आले. माझा बाप माझ्या हातात तोंड देऊन शांत बसला होता. इतका आनंद मला फार कमी वेळा झाला आहे.

"बघ, जमलं का नाय?" म्हणत मी जबड्याखाली वाकलो. तेवढ्यात त्यांनी डावा हात वर केला आणि माझा मास्क खाली ओढला. फेसाने भरलेली बोटं माझ्या ओठावरून फिरवली. मग झटका आल्यापासून इतकं स्पष्ट कधी बोलले नव्हते तसं विचारलं,

"कधी गेलो मी?"

"नाय रे बाबा, तू हायस! माझी चूक झाली, मशीन सटकलं, पाणी खारं घेतलं मी..." तोंडाला येईल ते बोलत सुटलो. पायाशी बसलेल्या आईने त्यांच्या पायाला चिमटा काढला. "लागला ना? मग?" त्यांनी तिच्याकडे बघितलंही नाही. स्वतःच्या गालावरून हात फिरवला, डाव्या जबड्याखाली थांबले आणि म्हणाले, "हितं राहिलंय."

तिथे पातं टेकवायची माझी छाती होईना. "पुढच्या रविवारी काढतो," म्हटलं आणि त्यांचं तोंड पुसलं.

त्यानंतर त्यांनी काहीच मागितलं नाही. भरवलं तर खायचे, नाही तर नाही. एकदाही मशीन म्हणाले नाहीत. भेटायला आलेल्या माणसाला नुसतं बघायचे, जणू त्याला आपण दिसत नसणारच. शनिवारी दुपारी गेले. आंघोळ घालताना माझा अंगठा त्या जागेवर आला. बाकी गालावर सहा दिवसांची खुंटं होती, तेवढ्याच जागेची दाढी लांब आणि मऊ होती.

दहाव्याला खाडीवर न्हाव्याने माझी हनुवटी वर केली. "मिशी कुठाय?" त्याने माझी मिशी वर्षानुवर्षं बघितलेली. भावकी समोर उभी. त्याने ओठ भिजवला, वस्तरा फिरवला. पात्यावर पंधरा दिवसांची कणी तेवढी आली. ती पानाला पुसून तो म्हणाला, "झाला."

आई म्हणते, आपण जिवंत आहोत हे त्याला समजलं होतं, मेलेला माणूस कधी राहिलेली दाढी दाखवतो काय? मी हो म्हणतो. पण ते शेवटचे सहा दिवस बाबा स्वतःच्या लेखी जिवंतांत होते की नव्हते, हे मला कुणी सांगू शकत नाही. रविवारी तोंड धुऊन झालं की माझा हात आपोआप डाव्या जबड्याखाली जातो. तिथे थोडं राहिलेलंच असतं. मग आरसा खिळ्यावरून काढताना मी मोठ्याने सांगतो, "बाबा, तेव्हा तू होतास रे."