रेकॉर्डिंगमधली दाद

कपाट आवरताना ती आयरिश कॉन्सर्टची सीडी सापडली, साउथहॅम्प्टनला आमच्यासमोरच रेकॉर्ड झालेली. फिडल थांबलं, पाहुण्या गायिकेनं साथीशिवाय गाणं उचललं, हॉल चिडीचूप, आणि ह्यांनी पुण्याच्या मैफलीत बसल्यासारखं मोठ्यांदा "वा!" म्हटलं. मी शरमून कोपरानं ढोसलं, "अहो, रेकॉर्डिंग चालू आहे!" हा किस्सा मी वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगायचे. हे नुसते दबकं हसायचे.

आता हे नाहीत. निदान ती "वा!" तरी ऐकावी, म्हणून सीडी लावली. दाद आली, अगदी स्पष्ट. पण आवाज बाईचा. माझाच! मग मी तेव्हा ढोसलं कोणाला? पुन्हा लावली, तर माझ्या "वा!"च्या मागोमाग ह्यांचं तेच दबकं हसू ऐकू आलं.