ब्राउन कप

वेदने माझ्या हातावर नख ओढलं तेव्हा माझ्या दोन्ही हातांत धुतलेल्या चिकूंची पाटी होती. हात मागे घेता येईना. पाटी सोडली तर फळ फुटणार. उभी राहिले.

वेद म्हणजे वाडीच्या मालकिणीचा मुलगा. पाच वर्षांचा. मालकिणीला आम्ही वहिनी म्हणायचो. नरपडची चिकूची वाडी त्यांची. नोटा बंद झाल्या त्याच दिवाळीतली गोष्ट. बोरिवलीहून पाहुणे आलेले, ओटीवर बसलेले. वहिनी कौतुकाने पोराला विचारत होत्या, ब्राउन काय काय असतं, सांग बघू काकांना.

"चॉकलेट. चिकू. मड." मग माझ्याकडे बोट. "मावशी."

सगळे हसले. त्याने नख ओढलं ते त्यानंतर. आधी पांढरी रेघ उठली, मग रक्त आलं. "मम्मी, आतून रेड आहे."

"म्हणजे पिकली मावशी," पाहुणा म्हणाला. "तोडायला हरकत नाही."

वहिनी हसून हसून डोळे पुसत म्हणाल्या, "मावशी, मनावर नको घेऊस हं. लहान आहे तो."

आता हे नख कुठून आलं ते सांगते. मीच शिकवलेलं. चिकू झाडावर तयार झाला की नाही हे नुसतं बघून कळत नाही. सालीला नखाने जरा खरवडायचं. खाली हिरवं दिसलं तर सोडून द्यायचा, पिवळट दिसलं तर काढायचा. पोर माझ्यामागे वाडीत फिरायचं, त्याला मी मायेने दाखवलं. आमच्या सगळ्या पोरांना दाखवतो तसंच. पण आमचं पोर माणसाला नख लावून बघत नाही.

त्याला काय बोलू. त्याने घरात बघितलं तेच म्हटलं.

घरात काय होतं? स्वयंपाकघराच्या मागे पाण्याच्या टाकीची भिंत. तिच्यावर एक कप पालथा. ब्राउन. कानाचा तुकडा उडालेला. तो माझा. चहा झाला की वहिनी आतून सांगायच्या, "ब्राउनवाला घे गं." मी कप उचलायचा, त्या वरून ओतणार, मी पायरीवर बसून पिणार, धुऊन पुन्हा पालथा घालणार. माझी सासू ह्याच वाडीत करवंटीत चहा प्यायली. करवंटीपण ब्राउनच की. तेवढी सुधारणा झाली आमच्यात.

आणि बघा, त्याच घरात ब्राउन ब्रेड यायचा, मुंबईहून. ब्राउन तांदूळ यायचा पाकिटातून, डॉक्टरने सांगितलेला. तो तांदूळ आम्ही लहानपणी घरी कांडून खायचो, तेव्हा त्याला कोणी नाव नव्हतं दिलं. सोफा ब्राउन. वहिनींची पर्स ब्राउन, तिला हात लावायचा नाही. वहिनींचा स्वतःचा रंग तरी काय, माझ्या हाताशेजारी हात ठेवला तर फरक सांगता येणार नाही. पण त्या एकदा हसत म्हणाल्या होत्या, त्यांच्या लग्नाच्या बायोडेटात गव्हाळ लिहिलेलं. बाजारात लुगडं घ्यायला गेलं की गुजराती दुकानदार त्याच रंगाला कथ्थई म्हणतो, बदामी म्हणतो, कॉफी म्हणतो. शाळेत तपकिरी. इतकी चांगली चांगली नावं पडलीत. आमच्यापर्यंत आली की संपतात.

तुम्ही म्हणाल, मग सोडायचं काम. कसं सोडायचं? राहतं घर वाडीत. कुडाचं, नवऱ्याने बांधलेलं. जमीन त्यांची. नवरा त्याच घरात वारला. वाडीला सगळीकडून तार, फाटक एक, ते त्यांच्या ओटीसमोर. मी मीठ आणायला गेले तरी वहिनींना दिसायचं. हातावरची रेघ हळद लावून झाकली आणि दुसऱ्या दिवशी गेले कामावर. गिळलं.

माझी नात मनीषा आश्रमशाळेत होती, तलासरीकडे. दिवाळीच्या सुट्टीला आलेली. आईबाप तिचे उंबरगावला कंपनीत. पोर हुशार. मला अक्षरं तिनेच शिकवली, चुलीपुढे राख पसरून. शाळा उघडायला आली तसं वहिनी म्हणाल्या, "मावशी, तिला आता इथेच ठेव. वेदला सांभाळेल. तिथे डाळभातच खाते ना, इथे खाईल."

मी म्हटलं, "बघते वहिनी." नाही म्हणायला तोंड उघडलं नाही. तारेच्या आत राहून नाही म्हणता येत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

सकाळी मागच्या दारी गेले. भिंतीवर माझा कप. त्याच्या शेजारी दुसरा. नवीन, लहान. ब्राउन. मला न विचारता आणून पालथा ठेवलेला.

सासूची करवंटी आठवली. मग माझा कप. मग हा. एकापुढे एक.

मी दोन्ही कप उचलले, आत गेले. त्या स्वयंपाकघरात मी कधी पाऊल टाकलं नव्हतं. ओट्यावर त्यांच्या पांढऱ्या कपांच्या रांगेत ठेवले.

"हे काय?" वहिनी म्हणाल्या.

"पोर शाळेत जाणार, वहिनी."

"आणि तू? घर कोणाच्या जमिनीवर आहे, माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

त्याच आठवड्यात मनीषाला शाळेत सोडलं. घराची कौलं काढून भावाकडे नेली. कूड राहिला तिथेच. नवऱ्याने रोवलेली मेढ, घराचा मधला खांब, उपटू दिली नाही वहिनींनी. म्हणाल्या, जमिनीत आहे ते जमिनीचं.

सुटले असं सांगणार नाही. भावाच्या पडवीत राहते, भावजयीचं ऐकते. आशागडकडच्या वाड्यांत चिकू काढायला जाते, त्याच नखाने. जाताना पेला घरून नेते, स्टीलचा. पहिल्याच दिवशी विचारते, चहा कशात देता? भिंतीवरचा कप दाखवला की पाटी खाली ठेवते आणि परत येते. दोनदा उपाशी आले. आणखी येईन.

मनीषा दहावीला आहे. मध्ये वहिनींचा निरोप आला, घर बांधून देतो, दोघी या. मी निरोप आणणाऱ्याला विचारलं, भिंतीवर अजून काय आहे? त्याने सायकल वळवली.

त्या भिंतीवर मनीषाचा कप लागणार नाही. मी पडवीत मेले तरी.