गादीतलं वावर

आमचं गाव राळेगावहून कळंबला जाताना लागतं, पण एसटीत डुलकी लागली तर लागत नाही. किल्ला नाही, लढाई नाही. कुणी मोठा माणूस इथं जन्मला नाही, आणि जन्मला असेल तर त्यानं पुढे कुणाला सांगितलं नाही. कापसातली सरकी काढणारं एक जिनिंग होतं, त्याचं धुराडं होतं आणि आठवड्याचा बाजार. बाकी सगळा कापूस. हंगामात तो तारांवर, बाभळींवर, म्हशीच्या शिंगांवर आणि हॉटेलातल्या चहावरही तरंगायचा. चहावाला म्हणायचा, "मलाई समजून प्या ना भाऊ."

गावच्या माणसाची खूण एकच. कापूस दिसला की चिमटीत धरून ओढायचा आणि धागा किती लांब येतो ते पाहायचं. दवाखान्यात नर्सबाई इंजेक्शनआधी दंड पुसायला आली, तर माझ्या बाबांनी तिच्या हातचा बोळा घेतला, ओढला आणि म्हणाले, "आखूड हाय बाई धागा. फसवलं तुमाले." मला पाहायला पाहुणे आले तेव्हा बाबांनी मुलाचा पगार विचारण्याआधी त्याच्या सदऱ्याची बाही चिमटीत धरली. मुलगा रत्नागिरीकडचा, आमच्याकडच्या लोहाऱ्याच्या कारखान्यात फिटर, लग्नानंतर गावी परतणार होता. त्याला वाटलं इकडे अशीच रीत असेल, म्हणून त्यानं दुसरी बाहीही पुढे केली. बाबांना तो तिथंच पसंत पडला.

आमच्या गल्लीची एक रीत होती. पोरीचं लग्न ठरलं की तिच्या गादीसाठी प्रत्येक घरातून मूठभर कापूस यायचा. या रीतीला एक धाकही शिवलेला होता. पहिल्या वर्षात ती गादी उसवली तर पोरीचं मन सासरी बसत नाही, ती परत येते.

माझं लग्न ठरलं तेव्हा कापसाची वाईट वर्षं चालू होती. दुकानातलं पाकीटबंद बियाणं पेरलं, ते उगवलं नाही. पुन्हा पेरलं, पुन्हा नाही. जिनिंगला कुलूप लागलं. तरी मुठी आल्याच. जरा लहान आल्या, काही गेल्या सालच्या आल्या, आणि जिनिंग बंद म्हणून सगळ्या सरकीसकट, बियांसकट आल्या. ती सरकी हातानं काढायचं काम माझं. मी आठवीत शाळा सोडलेली. गणित कधी जमलं नाही, पण सरकी काढण्यात मी गल्लीत पहिली होते आणि त्याचा मला गर्वही होता.

निघायच्या दिवशी गादीवाला शेवटचा कोपरा शिवत होता, एसटी हॉर्न देत होती, तेवढ्यात कोपऱ्यावरच्या घरातली म्हातारी लगबगीनं आली. हिनं आयुष्यात पाकिटातलं बी पेरलं नाही. जुना गावरान कापूस सरकीसकट मडक्यात जपून ठेवायची आणि सारं गाव तिला हसायचं.

"घे माय, माही मूठ राह्यली."

"काहून एवढा उशीर केला वो आजी?"

"अवं, मडकंच सापडे ना."

मूठ नाकारणं शक्य नव्हतं आणि सरकी काढायला वेळ नव्हता. मी इकडेतिकडे पाहिलं आणि तशीच कोंबली. गादीवाल्यानं टाका घातला. गल्लीत पहिली येणाऱ्या मुलीनं आयुष्यातली पहिली कॉपी केली ती अशी.

सासूबाई चांगल्या. हे आधीच लिहून ठेवते, पुढे गैरसमज नको. मला तिन्ही त्रिकाळ भात जाईना, तर त्यांनी कुठून कुठून ज्वारी मिळवून आणली. त्यांना भाकरी थापता येत नव्हती, तरी माझ्याकडून शिकल्या. गादी मात्र त्यांना रुचेना.

"जड किती गो ही! आणि गाठी तरी किती. उसवून जरा पिंजून घेऊ."

वर्ष तर अजून सरलं नव्हतं. माहेरी वावर कोरडं पडलेलं. परत गेले असते तर बाबांनी काही म्हटलं नसतं, पण त्यांच्या ताटातली भाकर अर्धी झाली असती. म्हणून मी म्हणाले, "गणपती झाल्यावर उसवू." गणपती झाल्यावर म्हणाले, "नवरात्र होऊ दे."

मधल्या काळात एका वानरानं छपरावर उडी मारून कौल फोडलं. पाणी नेमकं म्हातारीची मूठ कोंबलेल्या कोपऱ्यावर ठिबकलं. मी घाबरून तो कोपरा खिडकीकडे फिरवला, वर जुनं पातळ अंथरलं आणि कुणाला बोलले नाही. आठवड्यानं सासूबाईंनी पातळ उचललं.

"अगो सूनबाई, हे काय? गादीला मोड आले!"

शिवणीतून कोवळी दुपानी रोपं डोकं वर काढून ओळीत उभी होती. तासभरात अख्खी वाडी येऊन पाहून गेली. एक शेजारीण म्हणाली, "काढून उसळ करा." दुसरी म्हणाली, "लेकाला रात्री राखण करावी लागेल." नवरा एवढंच म्हणाला, "तरीच पायाला गुदगुल्या होत होत्या." मी मात्र रडत रडत वाण्याच्या दुकानातून माहेरच्या शेजाऱ्यांकडे फोन लावला.

"बाबा, गादीत कापूस उगवला! आता हे मले घरी पाठवतीन."

 पलीकडून बाबा ओरडले, "उगवला? अवं, इथं दोनदा पेरलं, वावरात मोड नाही दिसला! दाट आला का विरळ?"

"बाबा, मी काय सांगून राह्यली..."

"ते पाहू. पान हिरवं हाय का पिवळं पडून राह्यलं?"

"पिवळसर."

"मंग ऊन दे त्याले! कोनाची मूठ होती?"

मी सांगितलं. तिकडे ती बातमी माझ्या रडण्यापेक्षा लवकर पसरली. संध्याकाळपर्यंत म्हातारीच्या दारात मडक्यातलं बी मागायला माणसं उभी होती, असं माय नंतर सांगत होती. म्हातारी म्हणे दारात पाय पसरून बसली आणि एकेकाला विचारत होती, "काय रे, तू हसला होता ना?"

इकडे सासूबाईंनी रोपांकडे बराच वेळ पाहिलं. बिचाऱ्यांना मारून टाकायचं जिवावर आलं असणार. पण मुळासकट काढून परसात लावायचं तर कोपरा उसवावा लागणार, आणि माझं तोंड पाहून त्यांनी मला खोदून खोदून सगळं विचारलं. मी रीत सांगितली, धाक सांगितला, कॉपीही सांगितली. त्या हसल्या नाहीत. पदर खोचून माझ्याबरोबर वाण्याच्या दुकानात आल्या आणि स्वतः फोनवर बोलल्या.

"विहीणबाई, कोपरा एवढासा उसवला तर चालतं का तुमच्यात?"

मायनं गल्लीतल्या बायका गोळा केल्या. बराच कलकलाट झाला. निकाल म्हातारीनं दिला, तो मी कानाला रिसीव्हर लावून ऐकला. "पिकात हात घातला तं ते उसवणं कायचं? ते निंदण-खुरपण होय. कर म्हना खुशाल."

सासूबाईंनी ब्लेडनं चार टाके कापले, रोपं मुळासकट काढली आणि मोकळे झालेले टाके माझ्याच हातानं मला घालायला लावले. रोपं परसात लावली. बाकीची मेली, एक जगलं. कोकणात कापूस येत नाही असं सगळ्यांनी त्याला सांगितलं होतं, पण त्यानं बोंडं धरली. सासूबाई त्या कापसाच्या वाती वळू लागल्या. सरकी मी काढायची, दोनदा तपासून. अजूनही तिसऱ्यांदा तपासते.

वर्ष सरल्यावर बाबा पहिल्यांदा आले. दोन दिवसांचा प्रवास, हातात तुरीच्या डाळीची पिशवी. सासूबाई पाणी घेऊन उभ्या, तर हे चपला काढून थेट देव्हाऱ्याकडे. मला वाटलं नमस्कार करतील. त्यांनी तबकातली कोरडी वात उचलली, उलगडली आणि चिमटीत धरून हळूच ओढली.

 सासूबाई तांब्या धरून तशाच उभ्या.

"लांब हाय," बाबा म्हणाले. मग विहीणबाईंकडे वळून, "बसतो मंग."